प्रवेशाची फाईल

महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळवायचा तर दहा-अकरा टप्पे पार करावे लागतात. एमएचटी-सीईटी किंवा जेईई मेन ही परीक्षा, तिचा निकाल, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेसाठी म्हणजे ‘कॅप’साठी नोंदणी, कागदपत्रे अपलोड करणे, त्यांची पडताळणी, तात्पुरती गुणवत्ता यादी, तिच्यावरील हरकती, अंतिम यादी, पसंतीक्रमाचा अर्ज, जागावाटपाच्या फेऱ्या आणि शेवटी महाविद्यालयात हजर होऊन प्रवेश निश्चित करणे. जेईई मेन सोडली तर परीक्षेपासून जागावाटपापर्यंतचा कारभार राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे सीईटी सेल पाहतो. औषधनिर्माणशास्त्र, कृषी, विधी, व्यवस्थापन या अभ्यासक्रमांचीही वाट थोड्याफार फरकाने हीच आहे. यातल्या पहिल्या टप्प्यासाठी घरोघरी दोन वर्षे राबणूक चालते. उरलेल्या टप्प्यांसाठी निकालानंतरचे चार दिवस पुरतील असे गृहीत धरले जाते, आणि बहुतेक गोंधळ या गृहीतकातून होतात.

प्रवेशाची कामे दोन जातींची असतात. फोटो स्कॅन करणे, अर्ज भरणे, शुल्क भरणे ही कामे विद्यार्थी स्वतः एका संध्याकाळी उरकू शकतो. दुसरी कामे तहसील कार्यालय, उपविभागीय अधिकारी, जात पडताळणी समिती, जुनी शाळा यांच्या टेबलांवरून पुढे सरकतात आणि त्यांचा वेग विद्यार्थ्याच्या हातात नसतो. वेळापत्रकात मात्र दोन्हींची शेवटची तारीख एकच छापलेली असते. म्हणून तारखांच्या क्रमाने यादी करण्यापेक्षा, कोणत्या कागदाला किती दिवस लागतील त्या क्रमाने यादी करणे शहाणपणाचे. सर्वांत सावकाश मिळणारा कागद सर्वांत आधी मागायचा. असे केले की अकरावीची वार्षिक परीक्षा संपताच पहिले काम सुरू करावे लागते. बारावीच्या निकालापर्यंत थांबलेला विद्यार्थी तेव्हाच उशिरात असतो.

हा सर्वांत सावकाश कागद म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र, बोलीभाषेत ‘व्हॅलिडिटी’. जातीचा दाखला उपविभागीय अधिकारी म्हणजे प्रांत देतात. त्या दाखल्याची शहानिशा जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती करते; अनुसूचित जमातींसाठी वेगळ्या समित्या आहेत. आरक्षित जागेवर व्यावसायिक प्रवेश घ्यायचा तर दाखला पुरत नाही, वैधता लागते. समितीपुढे पुरावे ठेवायचे असतात ते ठरावीक दिनांकाच्या आधीचे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. याचा सरळ अर्थ असा, की आज सतरा वर्षांच्या मुलाला आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेत जावे लागते. तिथल्या जनरल रजिस्टरचा उतारा, म्हणजे प्रवेश-निर्गम उतारा, हा या अर्जाचा कणा. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीतला उतारा शोधायचा. नोंद मोडी लिपीत निघाली तर जाणकाराकडून तिचे लिप्यंतर करून घ्यायचे. वडिलांकडच्या रक्तनात्यात कुणाची वैधता आधीच झालेली असेल तर रस्ता बराच सुकर होतो. त्या वेळी वंशावळीचे शपथपत्र बिनचूक असावे लागते, कारण नाते त्या कागदावरच सिद्ध होते.

शासनाने काही वर्षी वैधतेसाठी अर्ज केल्याची पावती स्वीकारून प्रमाणपत्र देण्यासाठी काही महिन्यांची मुदत दिली आहे. अशी सवलत दर वर्षी मिळेलच असे धरून चालणे धोक्याचे. मुदतीत मूळ प्रमाणपत्र हजर झाले नाही तर विद्यार्थी खुल्या प्रवर्गात धरला जातो आणि आरक्षणामुळे हाती आलेली जागा निसटते. कनिष्ठ महाविद्यालयाच्या शिफारशीने अकरावी-बारावीतच हा अर्ज करता येतो. ही सोय चांगली आहे. तिचा गाजावाजा मात्र व्हायला हवा तेवढा होत नाही.

बाकीचे दाखले तुलनेने लवकर मिळतात, पण प्रत्येकाचा आपला स्वभाव आहे. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र अनुसूचित जाती-जमातींना लागत नाही, इतर मागास प्रवर्गांना लागते. ते ज्या शैक्षणिक वर्षासाठी प्रवेश आहे त्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावे लागते. २०२५-२६ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२६. तीन वर्षांपूर्वी मोठ्या बहिणीच्या वेळी काढलेला कागद कपाटात आहे म्हणून निर्धास्त राहिलेली कुटुंबे इथे अडकतात, कारण प्रमाणपत्र एक तर तिच्या नावाचे असते किंवा त्याची मुदत सरलेली असते. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा. तो शिक्षणशुल्क माफी योजनेच्या म्हणजे टीएफडब्ल्यूएसच्या जागांसाठी लागतो, पुढे शिष्यवृत्तीसाठी पुन्हा लागतो. वय, अधिवास व राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र एकदा काढले की जन्माचे काम होते, तरी ते काढायला लोक जूनच्या गर्दीत उभे राहतात. सेतू केंद्रात आणि महा ई-सेवा केंद्रात जानेवारीत जो कर्मचारी निवांत बोलतो, त्याच्यापुढे जूनमध्ये रांग दारापर्यंत असते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे दाखल्यांना मुदती ठरवून दिल्या आहेत आणि ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून घरबसल्या अर्ज करता येतो. टोकन क्रमांक जपून ठेवला तर अर्ज कुठे अडला हे दिसते, आणि मुदत उलटल्यास अपीलही करता येते.

सर्वांत साधा कागद शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे एलसी. त्याने अडवलेले विद्यार्थी कमी नाहीत. त्यात ‘राष्ट्रीयत्व’ या रकान्यात ‘भारतीय’ लिहिलेले असावे लागते. कित्येक दाखल्यांवर तो रकाना कोरा असतो किंवा नसतोच. मग अधिवास व राष्ट्रीयत्वाचे प्रमाणपत्र जोडण्यावाचून इलाज नसतो. दाखला हातात पडला त्या दिवशी, कार्यालयाच्या खिडकीपाशीच तो वाचून पाहिला तर चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते. महिन्याने लक्षात आली तर लिपिक रजेवर असतो.

नावाचेही तसेच. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधार कार्डावर शेवटी, एका कागदावर वडिलांचे नाव ‘दत्तात्रय’, दुसऱ्यावर ‘दत्तात्रेय’, आईचे नाव कुठे माहेरचे तर कुठे सासरचे. क्रमाचा फरक सहसा कुणी मनावर घेत नाही. स्पेलिंगचा आणि जन्मतारखेचा फरक मात्र पडताळणीत आणि नंतर बँक खात्याला आधार जोडताना नडतो. दहावीची गुणपत्रिका प्रमाण मानून बाकीचे कागद तिच्याशी जुळवून घेणे सोयीचे, कारण सर्वांत अवघड दुरुस्ती तिचीच. आधारमधली दुरुस्ती त्या मानाने सोपी असते.

केंद्राच्या संस्थांकडेही डोळा असेल तर दाखल्यांचा दुसरा संच लागतो, आणि हे पुष्कळांना फार उशिरा कळते. आयआयटी, एनआयटी, ट्रिपल आयटी यांचे प्रवेश २०१५ पासून ‘जोसा’ या संयुक्त जागावाटप प्राधिकरणाकडून होतात. तिथे ओबीसी-नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात आणि त्या वर्षीच्या १ एप्रिलला किंवा त्यानंतर काढलेले असावे लागते; ईडब्ल्यूएसचे, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचेही तसेच. राज्याचे तीन वर्षांचे प्रमाणपत्र तिथे चालत नाही. नागपूरच्या व्हीएनआयटीत निम्म्या जागा महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांसाठी असल्या तरी त्या मिळवायचा मार्ग जोसाचाच आहे, त्यामुळे नियमही केंद्राचेच. राज्यात २०२४ च्या कायद्याने एसईबीसी, म्हणजे सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गात आलेला मराठा विद्यार्थी केंद्राच्या यादीत त्या प्रवर्गात नसतो. जोसाच्या अर्जात तो खुल्या प्रवर्गात जातो, निकषात बसत असल्यास ईडब्ल्यूएसमध्ये. एकाच मुलाच्या दोन अर्जांत दोन प्रवर्ग लिहिलेले असणे ही चूक नसते. पण घरात ते कुणीतरी टिपून ठेवलेले नसेल तर घाईत उलटसुलट भरले जाते.

वैद्यकीय प्रवेशाची अडचण वेगळी. ‘नीट’ देशभर एकच असली तरी शासकीय महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात आणि ८५ टक्के राज्याकडून. राज्याच्या जागांसाठी, काही अपवाद वगळता, अधिवासाबरोबर दहावी व बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असावी लागते. कोचिंगसाठी राजस्थानातल्या कोटा शहरात जाऊन बारावीचा अर्ज तिथल्याच शाळेतून भरणाऱ्याने हा नियम जाण्याआधी वाचलेला बरा. निकालानंतर त्यावर उपाय उरत नाही.

बारावी कुठून केली याचा परिणाम अभियांत्रिकीतही होतो. काही जागा गृह विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या विद्यार्थ्यांसाठी राखलेल्या असतात, आणि राज्यातूनच दहावी-बारावी झालेल्या विद्यार्थ्याचे गृह विद्यापीठ बारावीच्या ठिकाणावरून ठरते. बीड जिल्ह्यातला मुलगा लातूरला बारावी करतो तेव्हा त्याचे गृह विद्यापीठ नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ होते, छत्रपती संभाजीनगरचे नव्हे. अर्जात हा तपशील आपोआप येतो. तो बरोबर आला का हे पाहणे विद्यार्थ्याचे काम. कर्नाटकातल्या वादग्रस्त सीमाभागात शिकलेल्या, मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांसाठीही कॅपमध्ये उमेदवारीचा वेगळा प्रकार आहे. बेळगाव, निपाणीकडच्या घरांनी तो ‘ई’ प्रकार माहीत करून घ्यावा, कारण त्याचे पुरावे वेगळे असतात.

कागद जमले की ते ठेवायचे कुठे हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, तसा तो नाही. मूळ कागदांची एक फाईल, साक्षांकित प्रतींची दुसरी, आणि स्कॅन केलेल्या प्रतींचे एक फोल्डर, जे मोबाइलवरही उघडेल आणि घरातल्या दुसऱ्या कुणाच्या ईमेलमध्येही असेल. स्कॅन केलेल्या फाईलला ‘आयएमजी ००४७’ असे नाव राहू देऊ नये. कागदाचे नाव आणि वैधतेची तारीख त्या नावातच लिहिली की शोधाशोध थांबते. संकेतस्थळ फाईलच्या आकाराला मर्यादा घालते, म्हणून एक लहान आणि एक मोठी अशा दोन प्रती आधीच तयार असाव्यात. डिजिलॉकरमधल्या गुणपत्रिका कायद्याने मूळ प्रतीसारख्याच मानल्या जातात, तरी महाविद्यालयाच्या खिडकीवर कागदच मागितला जातो, हेही धरून चालावे.

यापेक्षा नाजूक बाब लॉगिनची. पुष्कळ अर्ज गावातल्या नेट कॅफेत भरले जातात आणि घाईत मोबाइल क्रमांक किंवा ईमेल कॅफेवाल्याचा टाकला जातो. पुढचे सगळे ओटीपी त्याच्याकडे जातात. फेरी सुरू असताना त्याचे दुकान बंद असले की विद्यार्थी आपल्याच अर्जाबाहेर उभा. फॉर्म कुणीही भरून देवो, क्रमांक आणि ईमेल घरचाच हवा आणि तो वर्षभर चालू ठेवायला हवा. पासवर्ड एका वहीत, अर्ज क्रमांकाशेजारी लिहिलेला असावा. त्याच वहीत प्रत्येक प्रक्रियेसाठी एक पान करून त्यावर संकेतस्थळ, अर्ज क्रमांक, भरलेले शुल्क, पावती क्रमांक, पुढची तारीख आणि तारीख पाहिल्याचा दिवस टिपावा. हा शेवटचा रकाना बिनकामाचा वाटेल, पण वेळापत्रक बदलत राहते. आठवड्यापूर्वी वहीत उतरवलेली तारीख आज खरी असेल याची खात्री नसते. व्हॉट्सअॅपवर फिरणारे वेळापत्रक तर कधी गेल्या वर्षीचेच निघते. सूचना सीईटी सेलच्या संकेतस्थळावरची तेवढी खरी मानावी.

अर्ज भरून झाला म्हणजे काम झाले असेही नाही. पडताळणीच्या ई-स्क्रुटिनी या पर्यायात अर्ज ऑनलाइन तपासला जातो. दुसऱ्या पर्यायात सुविधा केंद्रात, म्हणजे एफसीवर, प्रत्यक्ष कागद दाखवायचे. त्रुटी आढळली तर अर्ज शेऱ्यासह परत पाठवला जातो आणि विद्यार्थ्याने तो सुधारून पुन्हा सादर करायचा असतो. लॉगिन उघडलेच नाही तर हे कळत नाही. तात्पुरती यादी लागल्यावर नाव, लिंग, प्रवर्ग, गुण, गृह विद्यापीठ असे सगळे रकाने ताडून पाहायचे. हरकतीला जेमतेम दोन-तीन दिवस असतात. अंतिम यादीनंतर कुणी ऐकून घेत नाही.

इथून पुढे पसंतीक्रमाचा अर्ज, आणि तो जितक्या शांतपणे भरावा तितक्या गडबडीत बहुधा भरला जातो. त्यात तीनशेपर्यंत पर्याय देता येतात. मागच्या वर्षीचे कटऑफ सीईटी सेल प्रसिद्ध करतो, पण ते वाचायला त्यातली लिपी कळावी लागते. ‘जी’ने सुरू होणारी जागा सर्वसाधारण, ‘एल’ची मुलींसाठी राखीव, मधली अक्षरे प्रवर्गाची, शेवटचा ‘एच’ गृह विद्यापीठाचा, ‘ओ’ इतर विद्यापीठांचा, ‘एस’ राज्यस्तराचा. आपल्याला लागू नसलेल्या रकान्यातला आकडा पाहून हुरळणारे आणि खचणारे दोन्ही भेटतात.

क्रम लावताना एकच कसोटी पुरते. दोन्ही जागा समोर ठेवल्या तर कोणती घेतली जाईल? ती वर. मिळण्याची शक्यता कमी म्हणून आवडते महाविद्यालय खाली ढकलण्याने काहीही फायदा होत नाही, कारण संगणक यादी वरून खाली वाचतो आणि गुणवत्तेत बसणारी पहिली जागा देतो. पुण्याचे सीओईपी किंवा मुंबईचे व्हीजेटीआय वर लिहून ते न मिळाल्यास खालच्या पर्यायांची संधी जराही कमी होत नाही. मात्र २०२५-२६ च्या अभियांत्रिकी प्रवेशात चार फेऱ्या झाल्या आणि त्यात आपोआप गोठण्याचा, म्हणजे ‘ऑटो फ्रीझ’चा नियम कडक झाला. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनांतला, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतला, तर ती जागा घ्यावीच लागे आणि पुढच्या फेऱ्या बंद होत. म्हणून पहिले सहा पर्याय सर्वांत जास्त विचार करून लिहायचे. इथे एक बारीक मेख आहे. शुल्कमाफीच्या जागेचा सांकेतांक वेगळा असतो, त्याच्या शेवटी ‘टी’ असतो. त्याच महाविद्यालयातली त्याच शाखेची साधी जागा वर आणि शुल्कमाफीची खाली लिहिली, तर साधी जागा मिळून प्रवेश गोठू शकतो आणि सारे शुल्क भरत बसावे लागते. पात्र विद्यार्थ्याने ‘टी’चा सांकेतांक नेहमी वर घ्यावा.

जागा मिळाली की एक हजार रुपये भरून ती स्वीकारायची, आणि ‘फ्रीझ’ की ‘बेटरमेंट’ ते ठरवायचे. बेटरमेंट घेतल्यावर पुढच्या फेरीत वरचा पर्याय मिळाला तर आधीची जागा आपोआप जाते. ती परत मागता येत नाही. फ्रीझ केल्यावर ठरलेल्या दिवसांत महाविद्यालयात मूळ कागद व शुल्क घेऊन हजर व्हावे लागते. मुलगा कोल्हापूरचा आणि महाविद्यालय अमरावतीचे असेल तर यातला दीड दिवस प्रवासात जातो, तेवढी रक्कम बँकेत आणि तिकीट हाताशी असावे लागते.

याच दिवसांत जोसाच्या फेऱ्या, खासगी विद्यापीठांच्या मुदती आणि कॅप एकमेकांत गुंततात. कुठल्यातरी संस्थेत आधी भरलेल्या पैशांची भीती मोठी असते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये शुल्क परतावा आणि मूळ प्रमाणपत्रे अडवून न ठेवण्याबाबत अधिसूचना काढली आहे, तरी परताव्याचे टप्पे तारखांवर ठरतात. प्रत्येक ठिकाणी प्रवेश रद्द करण्याची शेवटची तारीख वहीत लाल शाईने असावी. शाळा सोडल्याच्या दाखल्याची मूळ प्रत एकच असते. ती कुठल्या संस्थेला कधी दिली याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

प्रवेशानंतर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर वेगळा करावा लागतो. कॅपमधून झालेला प्रवेश ही बहुतेक योजनांची अट आहे. संस्थास्तरावरच्या जागांना ती सवलत मिळत नाही. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना निम्मे शिक्षणशुल्क देते. जुलै २०२४ च्या निर्णयानंतर त्याच मर्यादेतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी व ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. घराबाहेर राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. या अर्जांना चालू उत्पन्नाचा दाखला, कॅपचे वाटपपत्र आणि विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचे, आधारशी जोडलेले बँक खाते लागते. वडिलांच्या खात्यावर ही रक्कम येत नाही. पुढच्या प्रत्येक वर्षी अर्जाचे नूतनीकरण करावे लागते, त्यामुळे फाईल चार वर्षे तरी माळ्यावर टाकता येत नाही.